आजोबांचा रेझर नातवाच्या हाती देण्यापूर्वी

महालातले जुने वाडे पाडून तिथे फ्लॅट स्कीम उभ्या राहू लागल्या, तशा माळ्यावरच्या ट्रंकाही एकेक करून खाली उतरू लागल्या. त्यांतून काय काय निघतं! पितळी अडकित्ता, एका काडीचा चष्मा, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, आणि बहुतेक घरांत एक छोटीशी चपटी डबी. आत मखमलीचा कुरतडलेला तुकडा आणि त्यावर आडवा पडलेला जुना सेफ्टी रेझर. घरातली बाई म्हणते, "द्या त्या कबाड्याला." आणि नेमका तेव्हाच घरातला कॉलेजात जाणारा मुलगा तो हातातून ओढून घेतो. "आई, हा मी वापरणार!"

दाढीचा विषय बायकांच्या अंकात कशाला, असं म्हणून कुणी नाक मुरडेल. पण विचार करा, त्या रेझरवरचा चाळीस वर्षांचा साबणाचा कीट शेवटी कोण काढणार आहे? मुलगा फार तर नळाखाली धरेल आणि टॉवेलला पुसेल. शिवाय आता मुलीही प्लॅस्टिकचे वापरून फेकायचे रेझर सोडून धातूचे घेऊ लागल्या आहेत. त्यात नवं काही नाही बरं का. अमेरिकेत जिलेट कंपनीनं खास स्त्रियांसाठी सोनेरी मुलाम्याचा छोटा रेझर १९१५ सालीच काढला होता.

आपल्या नागपुरात असे रेझर बरेच सापडतात, त्याला कारणही आहे. १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी नागपूर. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर. सिव्हिल लाइन्समधले अधिकारी, हायकोर्टातले वकील, रेल्वेतले साहेब, आणि पलीकडे कामठीला १८२१ पासूनची लष्करी छावणी. न्हाव्याची वाट न पाहता रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करणं ही या मंडळींची गरज होती. किंग जिलेट यांना १९०४ साली त्यांच्या रेझरचं पेटंट मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे विक्रीच्या पहिल्या वर्षी, सगळे मिळून ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती म्हणे! तिथून सुरू झालेली ही वस्तू विलायतेहून आपल्याकडे आली, मग देशी कारखान्यांतही बनू लागली. भारत, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक ही पात्यांची नावं ज्यांना आठवतात, त्यांच्या घरी एखादा रेझर असणारच. घरात नसला तरी मुलं जुन्या बाजारातून हौसेनं विकत आणतात. तेव्हा तर तो कुणाच्या गालावरून फिरून आला, हेही ठाऊक नसतं.

आता मुख्य मुद्दा. स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती याच क्रमानं करायची असतात. वाळलेला साबण, मृत कातडी, तेल, धूळ यांचा थर रेझरच्या दातांत आणि पट्टीखाली बसलेला असतो. त्या थरावर तुम्ही कितीही कडक औषध ओता, ते आतपर्यंत पोचतच नाही. वर चकचकीत, आत तसंच. खरकटं भांडं न घासता नुसतं उकळत्या पाण्यातून काढलं तर आपण त्याला स्वच्छ म्हणू का? तसंच हे.

कामाला बसण्यापूर्वी रबरी हातमोजे घाला आणि ओट्यावर नव्हे, एखाद्या जुन्या ताटलीत किंवा टबात काम करा. बेसिनमध्ये करायचं तर जाळीवर फडकं ठेवा, नाहीतर बारीक स्क्रू गेलाच म्हणून समजा. आधी पातं काढायचं. जुन्या रेझरमध्ये पुष्कळदा शेवटचं पातं तसंच अडकून गंजलेलं असतं. पूर्वीची पाती साध्या पोलादाची असत. न गंजणाऱ्या पोलादाची पाती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. ते गंजलेलं पातं ओरबाडून काढू नका. रेझर कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग मूठ उलटी फिरवा. पातं सुटलं की त्याच्या आखूड बाजू, जिथे धार नसते, तिथेच धरा. ते पातं कितीही धड दिसलं तरी फेकायचं. "आजोबांच्या हातचं आहे" म्हणून जपून ठेवायचं असेल तर काचेच्या बाटलीत ठेवा, गालाला लावू नका.

मूठ फिरतच नसेल तर? पक्कड लावायचा मोह होतो, पण पकडीचे दात मुलाम्यावर कायमचे उमटतात. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडा आणि रात्रभर ठेवा. खोबरेलही चालतं, पण आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत ते बाटलीतच गोठतं, ते सांध्यात कुठून उतरणार! सकाळी कोमट पाण्यात धरून, रबरी मोजा घातलेल्या हातानं फिरवलं की बहुधा सुटतं.

रेझर तीन प्रकारचे दिसतात. एकात टोपण, मधली पट्टी आणि मूठ असे तीन सुटे भाग होतात. हा धुवायला सगळ्यांत सोपा. दुसऱ्यात दोनच भाग असतात. तिसऱ्यात मुठीचं टोक फिरवलं की डोक्यावरची दोन दारं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडतात. मुलांना हाच आवडतो, आणि आपल्याला सगळ्यांत जास्त त्रास हाच देतो. त्याचे भाग सुटत नाहीत, दारांच्या बिजागऱ्यांत आणि मुठीच्या पोकळीत कीट साठून राहतो. तो सुटा करायच्या फंदात पडू नका. दारं उघडून कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा, पाच-सहा वेळा उघडझाप करा, काळं पाणी फेका, पुन्हा ताजं घ्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच चालू द्या.

घासायला मऊ केसांचा जुना टूथब्रश आणि भांडी धुण्याचा साधा द्रव साबण पुरे. दातांमधल्या फटींसाठी दात कोरायची लाकडी काडी घ्या. सुई किंवा टाचणी नको, ओरखडे उठतात.

आणि इथे भगिनींनो, आपल्या हातांना जी सवय आहे ती जरा आवरायला हवी. पितळ दिसलं की आपण चिंच, राख, नाहीतर पितांबरी घेऊन बसतो. रेझर आतून पितळेचा असतो हे खरं, पण वर निकेलचा, क्रोमचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा असतो. पितळी पातेल्याला कल्हई असते ना, तशीच ही गोष्ट. कल्हईच्या भांड्याला आतून तारेची घासणी लावली तर काय होईल? रेझरलाही राख, रांगोळी, तारेची घासणी आणि भांड्यांची खरबरीत पावडर वर्ज्य. सोनेरी मुलाम्यावर तर टूथपेस्टसुद्धा नको. एकदा पितळ उघडं पडलं की तो भाग ओला राहून कळकतो, हिरवा होतो. ताक पितळेत कळकतं ते आपल्याला माहीत आहे, तोच हा हिरवेपणा. आधीच हिरवे डाग असतील तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बोटानं हलकेच चोळा आणि लगेच धुवा. मुलामा फारच गेला असेल तर भांड्यांना आणि मोटारीच्या सामानाला मुलामा देणाऱ्या कारागिराकडे द्यावा. घरी तो खेळ करू नये, त्यातली रसायनं विषारी असतात.

पांढरा, दगडासारखा थर दिसला तर तो साबणाचा नव्हे, पाण्यातल्या क्षारांचा. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यांना हा थर नवा नाही. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या खसाच्या ताट्यांवर आणि टाकीच्या कडेला बसतो, तोच. त्यावर आंबट हवं. एक पेला कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक अॅसिड किंवा अर्धं पाणी-अर्धं पांढरं व्हिनेगर घ्या, रेझर पाच मिनिटं बुडवा, ब्रश फिरवा, लागलं तर आणखी पाच मिनिटं. रात्रभर बुडवून ठेवू नका, आम्ल मुलाम्याखाली शिरतं. अॅल्युमिनियमच्या मुठीला आंबटही नको आणि धुण्याचा सोडाही नको, दोन्हींनी ती काळवंडते. मूठ अॅल्युमिनियमची आहे की नाही हे कसं ओळखायचं? हातात घ्या. हलकी फुलासारखी लागली तर अॅल्युमिनियम, जड लागली तर पितळ.

इतकं झालं की रेझर स्वच्छ झाला. निर्जंतुक व्हायचाय अजून.

आपल्याकडे निर्जंतुक म्हणजे उकळणं. बाळाच्या बाटल्या उकळतो, इंजेक्शनच्या सुयाही डॉक्टर एके काळी उकळत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, म्हणजे इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. त्यात वीस मिनिटांत बहुतेक जंतू आणि विषाणू मरतात. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मात्र टिकतात. अडचण जंतूंची कमी आणि रेझरची जास्त आहे. बेकेलाइटची मूठ उकळली की निस्तेज होते. सेल्युलॉइड आणि प्लॅस्टिक वाकडं होतं. पोकळ मूठ आत चिकटवलेली असेल तर सुटते. आणि जड पाण्यात उकळलं तर नुकताच काढलेला पांढरा थर पुन्हा बसतो! म्हणून उकळायचं तर फक्त सबंध धातूचा रेझर, फिल्टरच्या पाण्यात, तळाला फडकं घालून.

त्याहून सोपं आणि मुलाम्याला सुरक्षित म्हणजे सत्तर टक्के अल्कोहोल. औषधांच्या दुकानात सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. बाटलीवर टक्के वाचून घ्या. नव्व्याण्णव टक्क्यांचं जास्त कडक, म्हणून जास्त चांगलं, असं दुकानदार सांगेल. तसं नाही. अल्कोहोल जंतूंची प्रथिनं गोठवतं, आणि त्या कामाला थोडं पाणी लागतं. शिवाय निव्वळ अल्कोहोल क्षणात उडून जातं, काम पुरं व्हायच्या आत. काचेच्या बरणीत रेझरचे सगळे भाग पूर्ण बुडतील इतकं घ्या, झाकण लावा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून ठेवा. फुलपाखरी रेझर दारं उघडी ठेवून बुडवा. नुसतं कापसानं पुसणं म्हणजे बुडवणं नव्हे. ज्या रेझरच्या मुठीवर आकडे रंगवलेले असतात, त्याचा रंग सुटतो का हे आधी एका टोकाला कापूस लावून बघा.

एक मात्र कटाक्षानं पाळा. हे काम गॅसपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करायचं. देवाजवळचा दिवाही शांत असू द्या. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, अल्कोहोलची वाफ किती लवकर पसरते ते सांगायला नको.

काही घरांत २०२० सालच्या साथीत आणलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून पडून आहेत. त्या यासाठी काढू नका. त्यातलं घट्ट जेल फटींत चिकटून बसतं, आणि इतक्या वर्षांनी आतलं अल्कोहोल किती उरलंय कुणास ठाऊक. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणाऱ्या अँटिसेप्टिकवर आपल्या बायकांची फार श्रद्धा. मगभर पाण्यात झाकणभर टाकलं की सगळं शुद्ध! अंदाजानं पातळ केलेल्या अशा पाण्यावर इथे भरवसा ठेवू नये. आणि ब्लीच तर नकोच. इस्पितळात रक्त सांडलं तर ते वापरतात हे बरोबर, पण फरशीवर. निकेलला त्याचे खड्डे पडतात, त्याच खड्ड्यांत पुढे घाण बसते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. "दोन्ही थोडं थोडं टाकून बघू" हा प्रयोग कधीही करू नका.

सलूनमध्ये निळ्या पाण्याच्या उंच बरणीत कंगवे बुडवलेले तुम्ही पाहिले असतील, निदान सिनेमात. ते औषध अमेरिकेत १९४७ साली निघालं. तिथेही नियम हाच, आधी धुवायचं आणि मग दहा मिनिटं बुडवायचं. आपल्याकडच्या न्हाव्यांनी त्याहून सरळ उपाय केला. वस्तऱ्यालाच बदलतं पातं आलं, गिऱ्हाईक बदललं की पातं मोडून नवं.

आता जरा अवघड गोष्ट बोलते. माझे सासरे काविळीनं गेले. बी प्रकारची कावीळ होती. त्यांचा रेझर सासूबाईंनी धुवून, सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. वीस वर्षांनी माझ्या मुलानं तो मागितला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. द्यावासाही वाटे, आणि भीतीही. "त्याच्या रक्तात होती ती कावीळ, लेकराला नको," एवढंच त्या म्हणाल्या. घरात चार दिवस कुणी त्या विषयावर बोललं नाही.

त्यांची भीती खुळी नव्हती. बी प्रकारची कावीळ रक्तातून पसरते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशानंही पसरते. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच एका घरात दोघांनी एक रेझर वापरू नये, असं डॉक्टर सांगतात. पण सात दिवस कुठे आणि वीस वर्षं कुठे! कपाटात कोरडा पडलेल्या रेझरवर इतक्या काळानं तो विषाणू उरत नाही. उरलेली घाण धुतली, अल्कोहोलमध्ये बुडवलं, पातं नवं घातलं, की त्या काविळीची भीती बाळगण्याचं कारण नाही. हे मी आमच्या डॉक्टरांकडून सासूबाईंनाच ऐकवलं, कारण माझ्या तोंडचं त्यांना पटलं नसतं.

भीती बाळगायची ती अलीकडच्या वापराची. जुन्या बाजारातून आणलेला रेझर मागच्याच आठवड्यात कुणी वापरला असेल, तर कसं कळणार? आणि घरातल्या घरात तर आपण सगळेच बेफिकीर. नवऱ्याचा रेझर बायको घेते, बहिणी एकमेकींचा घेतात. बाळांना बी काविळीची लस सरकारी लसीकरणात देशभर मिळू लागली ती २०११च्या सुमारास. म्हणजे आज घरात जी मोठी माणसं आहेत, तुम्ही-मी धरून, त्यांतल्या बहुतेकांना लहानपणी ती मिळालेली नाही. मोठ्यांनाही घेता येते. साधारणपणे तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. रेझर मात्र ज्याचा त्याचा.

गंजाची भीती निराळी. "गंजलेलं लागलं की धनुर्वात" असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं तर गंजात धनुर्वात नसतो, मातीत आणि धुळीत असतात ती त्याची बीजं, आणि ती उकळूनही मरत नाहीत, अल्कोहोलनंही नाही. त्यांना इस्पितळातल्यासारखी दाबाची वाफ लागते, १२१ अंशांची, पंधरा-वीस मिनिटं. प्रेशर कुकरमध्ये साधारण तेवढी होते, आणि सबंध धातूचा रेझर जाळीवर ठेवून तसं करणारेही आहेत. पण माझ्या मते दर दहा वर्षांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असणं हेच जास्त कामाचं. ते स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरतानाही उपयोगी पडेल.

डबीत रेझरसोबत जुना दाढीचा ब्रश निघाला तर? तो ठेवू नका, कितीही सुंदर मुठीचा असो. पहिल्या महायुद्धाच्या काळात बिज्जूच्या केसांची टंचाई झाली आणि घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स झाला; दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद आहे. या रोगाची बीजं केसांत वर्षानुवर्षं टिकतात. धातू धुता येतो, केसांच्या मुळाशी पोचता येत नाही. ब्रश नवा आणावा, फार महागाचा नसतो.

धुतलेला, बुडवलेला रेझर स्वच्छ कापडावर वाळू द्या, पुसू नका. वाळल्यावर स्क्रूच्या आट्यांना तेलाचा एकच थेंब. रोजच्या वापरात दाढी झाली की मूठ थोडी सैल करून वाहत्या पाण्याखाली धरावी, झटकून उभा ठेवावा. पावसाळ्यात न्हाणीघरात ठेवू नये, खोलीत ठेवावा. आठवड्यातून एकदा साबण आणि टूथब्रश. पातं पाच-सात दाढ्यांनंतर बदलावं. ओढल्यासारखं वाटू लागलं तर त्याआधीच.

आणि वापरलेलं पातं कुठे टाकता? कागदात गुंडाळून केराच्या डब्यात, हो ना? तो केर सकाळी गाडीवरच्या माणसाच्या हातात जातो, पुढे ढिगाऱ्यावर कागद-प्लॅस्टिक वेचणाऱ्या बायकांच्या हातात. कागद भिजला की पातं मोकळं, आणि त्या बायकांच्या हातात पुष्कळदा मोजेही नसतात. कॉफीचा किंवा बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या. झाकणाला चाकूच्या टोकानं पात्याच्या रुंदीची चीर पाडा, झाकण चिकटपट्टीनं पक्कं करा, आणि प्रत्येक जुनं पातं त्या चिरेतून आत सोडा. एका माणसाच्या पात्यांना असा डबा कित्येक वर्षं पुरतो. भरला की चीरही बंद करा, वर मोठ्या अक्षरांत "धारदार पाती" असं मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि केरात न मिसळता गाडीवाल्या भाऊंच्या हातात वेगळा द्या, काय आहे ते सांगून.